घर, गोठा आणि पंपघर : अर्थिंग व बाँडिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं महाराष्ट्रात नेहमी दिसणाऱ्या जोडणीसाठी आहेत : डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) खांबांवरून आलेली २३० व्होल्ट सिंगल फेज किंवा ४१५ व्होल्ट थ्री फेज लाइन आणि ग्राहकाचा स्वतःचा अर्थिंगचा खड्डा (जमिनीत पुरलेला पाइप किंवा प्लेट, जिला घराची अर्थ तार जोडतात). तपासणीची साधी कामं घरच्या घरी होतात. बोर्ड उघडायचं, खड्डा जोडायचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

१. न्यूट्रल असताना अर्थिंगची वेगळी तार कशाला?

फेजमधून (करंट आणणाऱ्या तारेतून) आलेला करंट उपकरणातून फिरून न्यूट्रलने डीपीकडे परत जातो. न्यूट्रल रोज करंट वाहते. हिरवी (किंवा हिरवी-पिवळी) तार एरवी रिकामी असते. गिझरचं एलिमेंट फुटलं किंवा आतली वायर घासून फ्रीजच्या बॉडीला लागली, की तिचं काम सुरू होतं. त्या वेळी ती नसेल तर करंट तुमच्या हातापायातून जमिनीत जातो.

थ्रीपिन सॉकेटमध्ये वरचं मोठं भोक अर्थचं, समोरून पाहताना उजवं फेजचं आणि डावं न्यूट्रलचं. अर्थची पिन लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. ती कापून टूपिनमध्ये घालायची सवय घरात असेल तर आजच मोडा.

२. बाँडिंग म्हणजे अर्थिंगच ना?

नाही. अर्थिंग म्हणजे धातूची बॉडी जमिनीला जोडणं. बाँडिंग म्हणजे हाताला एकाच वेळी लागू शकतील असे सगळे धातू तारेने एकमेकांना जोडणं. शॉक बसतो तो दोन गोष्टींमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे. गिझरची बॉडी आणि लोखंडी नळ एकाच पातळीवर असतील, तर एक हात इथे आणि एक तिथे ठेवला तरी त्या दोन हातांमधून करंट वाहायला कारण उरत नाही. चांगल्या घरात दोन्ही लागतं. कुठे काय जोडायचं ते प्रश्न ११ आणि १४ मध्ये आहे.

३. अर्थिंग उत्तम आहे, एमसीबी (करंट जादा झाला की आपोआप पडणारा, म्हणजे लाइन तोडणारा स्विच) पण आहे. मग आरसीसीबीचा (करंटची गळती ओळखून लाइन तोडणाऱ्या स्विचचा) खर्च कशाला?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून आकडे मांडतो. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध (करंटला होणारा अडथळा) ५ ओहम आहे आणि डीपीच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा ३ ओहम. फ्रीजची बॉडी फेजला लागली, तर करंट तुमच्या खड्ड्यातून जमिनीत आणि जमिनीतून डीपीकडे जाणार. २३० भागिले ८, म्हणजे सुमारे २९ अँपिअर. ३२ अँपिअरच्या एमसीबीला यात काहीच वावगं दिसत नाही, ती पडणारच नाही. १६ अँपिअरची पडेल, पण तापून, सावकाश. सी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला तिच्या आकड्याच्या ५ ते १० पट करंट लागतो.

तोवर फ्रीजच्या बॉडीवर किती व्होल्ट असतील? २९ गुणिले ५, म्हणजे १४५ च्या आसपास. ‘उत्तम’ अर्थिंग असूनही.

आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत लाइन तोडते, आणि गळती मोठी असेल तर त्याहून बरीच लवकर. इथे खड्डा अगदी सुमार असला तरी ती पडते. म्हणून खेड्यातल्या जोडणीत अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. नुसत्या खड्ड्याच्या भरवशावर राहू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीला तुम्ही आणि बल्ब यात फरक कळत नाही.

४. आरसीसीबी कोणती घ्यावी?

सिंगल फेजला दोन पोलची, थ्री फेजला चार पोलची. माणसाच्या जीवासाठी ३० मिलिअँपिअर. १०० आणि ३०० च्या आरसीसीबी आगीपासून बचावासाठी आणि मोटरसाठी असतात. अँपिअरचा आकडा मेन एमसीबीइतका किंवा त्याहून वरचा हवा : मेन ३२ असेल तर आरसीसीबी ४० ची. आरसीसीबी जादा लोड किंवा शॉर्टसर्किट ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी काढून तिच्या जागी ती बसवू नका. दोन्ही एकातच हवं असेल तर आरसीबीओ मिळते. इन्व्हर्टर एसी आणि नवी वॉशिंग मशीन असलेल्या घरात ‘AC’ प्रकारच्या आरसीसीबीऐवजी ‘A’ प्रकारची घ्या.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडली नाही तर ती बदला. पण बटण दाबून पडली याचा अर्थ अर्थिंग चांगलं आहे असा होत नाही. त्या बटणाचा खड्ड्याशी काही संबंध नसतो.

५. पाइप अर्थिंगचा खड्डा नेमका कसा करायचा?

सामान : ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, त्याला १२ मिमीची भोकं, लाकडी कोळसा, जाडं मीठ, फनेल, जीआय क्लॅम्प, ८ गेजची जीआय तार किंवा २५ × ३ मिमीची पट्टी, आणि वर झाकणाची छोटी चौकट.

जागा भिंतीपासून किमान दीड मीटर लांब आणि शक्यतो ओलसर निवडा. मोरीचं पाणी मुरतं ती बाजू चांगली, मात्र सेप्टिक टँकला खेटून नको. पाइप सरळ उभा करून भोवती कोळसा आणि मीठ यांचे साधारण १५ सेंमीचे थर आलटून पालटून टाका आणि प्रत्येक थर ठोकून पाणी द्या. वरचा भाग चाळलेल्या मातीने भरा. मुरूम, विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा भरला तर पाइपाभोवती हवा राहते आणि केलेलं काम वाया जातं.

तारेचा जोड मातीत गाडू नका. तो चौकटीत, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. तांब्याची तार थेट जीआय पाइपाला गुंडाळली तर ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर गंज चढतो. कल्हई केलेला लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) वापरून नट-बोल्टने आवळा. बहुतेक ‘खराब’ खड्ड्यांमध्ये पाइप ठणठणीत असतो आणि क्लॅम्पचा बोल्ट बोटाने फिरतो.

प्लेट अर्थिंग करायचं असेल तर ६०० × ६०० मिमीची जीआय प्लेट किमान ६.३ मिमी जाड हवी, तांब्याची ३.१५ मिमी. ती उभी ठेवायची आणि तिची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर हवी.

६. किती ओहम आले म्हणजे अर्थिंग चांगलं?

घरासाठी ५ ओहमच्या आत आलं तर छान. पण ते मातीवर ठरतं. ओलसर काळ्या मातीत एका पाइपाने ५ ते १० ओहम मिळू शकतात. मुरमात ३० च्या पुढे जातं. कोकण-गोव्याच्या जांभ्यात किंवा बेसॉल्टच्या कातळावर शेकड्यात गेलं तरी नवल नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते, म्हणून मोजणी मे महिन्यात करा. पावसाळ्यातल्या सुंदर आकड्यावर जाऊ नका.

कातळ असेल तर खोल जाण्याचा हट्ट सोडा. दोन-तीन पाइप टाका, त्यांच्यात पाइपाच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ५ मीटर अंतर ठेवा आणि ते पट्टीने जोडा. जवळजवळ टाकलेले पाइप एकमेकांच्या मातीतच करंट सोडतात, त्यामुळे दुसऱ्याचा फायदा फारसा मिळत नाही. किंवा चर खणून पट्टी आडवी पुरा. आरसीसीबी असेल तर ३०-४० ओहमवरही संरक्षण मिळतं. ते का, हे प्रश्न ३ मध्ये.

७. केमिकल अर्थिंग घ्यावं की कोळसा-मीठ?

मीठ पाइप खातं, आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहूनही जातं. समुद्रकाठी पाइप आणखी लवकर सडतो. केमिकल अर्थिंगमध्ये तयार रॉडभोवती बेंटोनाइटसारखी (एक प्रकारची चिकणमाती) पूड भरतात. ती ओलावा धरून ठेवते, देखभाल कमी लागते, बोअरही लहान पुरतो. जागा कमी असेल तर केमिकल घ्या. पण ‘वीस वर्षं बघायला नको’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, वर्षातून एकदा मोजणी आणि बोल्ट आवळणं त्यालाही आहे. साध्या खड्ड्याला उन्हाळ्यात फनेलमधून आठवड्याला बादलीभर पाणी घाला.

८. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला तर झगझगीत पेटतो. म्हणजे अर्थिंग पक्कं ना?

नाही. २३० व्होल्टवर पेटलेल्या १०० वॉटच्या बल्बचा रोध साधारण ५३० ओहम असतो. खड्डा ५० ओहमचा असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. एलईडी बल्ब तर याहून फसवा, तो अगदी वाईट अर्थिंगवरही पेटतो. या चाचणीतून तार कुठेतरी जमिनीला पोचली आहे एवढंच कळतं. शिवाय चाचणी चालू असताना खड्डा तुटका निघाला, तर घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या बॉडी बल्बमार्फत फेजला जोडल्या जातात.

आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल, आणि ते बरोबरच आहे. खरी मोजणी अर्थ टेस्टरने होते : मेन बंद करून खड्ड्याची तार सोडायची, तारा लांब पसरून दोन खुंट्या ठोकायच्या आणि आकडा वाचायचा. साधं मल्टिमीटर ओहमवर ठेवून हे काम होत नाही.

९. फ्रीजला, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. बिघाड आहे का?

एकाच यंत्राला बारीक झिणझिण्या येत असतील तर बहुधा आतल्या फिल्टरचे कपॅसिटर कारण असतात. त्यांच्यामुळे अर्थ न जोडलेल्या बॉडीवर ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो आणि अर्थ जोडला की झिणझिण्या जातात. थ्रीपिनमध्ये लावूनही येत असतील, तर सॉकेट ते खड्डा या वाटेत कुठेतरी तार तुटलेली आहे.

घरातल्या सगळ्या यंत्रांना, नळालासुद्धा एकदम करंट येऊ लागला तर मात्र मेन बंद करा. असं तेव्हा होतं जेव्हा घरातल्या हिरव्या तारा एकमेकींना नीट जोडलेल्या असतात, पण खड्ड्याकडे जाणारी तार तुटलेली असते. मग गिझर बिघडतो आणि शॉक फ्रीजला बसतो. ज्या यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असते (बरेचसे चार्जर, काही ड्रिल मशीन), त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं. त्याला अर्थ लागत नाही.

१०. वायरमन म्हणाला, खड्डा नको, सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतो. चालेल?

अजिबात नाही. वाटेत न्यूट्रल कुठे सुटली, तर चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यामधून फेज त्या जोडावर येते आणि प्रत्येक यंत्राची बॉडी २३० व्होल्टवर जाते. यंत्रात काहीही बिघाड नसताना. फेज-न्यूट्रल अदलाबदल झाली तरी तेच. पुढे आरसीसीबी बसवलीत तर ती या जोडामुळे टिकणारच नाही. गॅसचा पाइप किंवा नळाचा पाइप अर्थ म्हणून वापरणंही असंच वर्ज्य. नळाच्या लाइनमध्ये मध्येच प्लास्टिकचा तुकडा कधी बसला, हे तुम्हाला कोणी सांगायला येत नाही.

११. न्हाणीघरात काय काय जोडायचं?

गिझरला १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र लाइन, पक्का अर्थ आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. पाइप लोखंडी असतील तर गार-गरम पाण्याचे पाइप, लोखंडी खिडकी आणि गिझरचा अर्थ ४ चौमिमी तांब्याच्या हिरव्या तारेने एकमेकांना बांधा. क्लॅम्पखालचा रंग खरवडून काढा. सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपाला बाँडिंग लागत नाही आणि त्यावर टांगलेल्या सुट्या नळालाही नाही. पाण्यात बुडवायचा हीटर रॉड वापरत असाल तर पाण्यात बोट घालून पाहण्याआधी स्विच बंद करून प्लग ओढा. नुसता स्विच पुरत नाही, कारण फेज-न्यूट्रल उलटी असेल तर स्विच बंद असूनही रॉडवर फेज राहते.

१२. जुन्या वाड्यात दोनच वायरी आहेत. भिंती फोडायच्या नाहीत. काय करता येईल?

आधी मेनजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. अर्थ तार नसली तरी ती चालते. फरक इतकाच की ती तुमच्या अंगातून करंट गेल्यावर पडते. अर्थ असता तर हात लागण्याआधीच पडली असती. मग गिझर, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटपर्यंत केसिंगपट्टीतून हिरवी तार बाहेरून आणा. पंखे-दिवे नंतर केले तरी चालतील.

१३. कूलरला शॉक का बसतो?

पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि पंपाची दोन तारांची वायर टाकीच्या पत्र्यावर घासत गेलेली. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हे दर वर्षी जीव घेतं. तीन तारांची केबल आणि थ्रीपिन प्लग लावा. हिरवी तार बॉडीला रंग खरवडून बोल्टने आवळा, पत्र्याला वायर जिथून आत जाते तिथे रबरी बुश घाला. पाणी भरताना प्लग काढलेला हवा. स्टँडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून काही साधत नाही. त्याने कूलरचा जमिनीशी संबंध तुटतो, तुमचा नाही.

१४. गोठ्यात वेगळं काही लागतं का?

लागतं. गुरांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, अंगाखाली मूत-पाण्याने ओली जमीन असते, पायात काही नसतं. माणसाला जाणवणारही नाही इतक्या व्होल्टेजनेही गाय बिथरते. हौदाला तोंड लावून गाय मागे सरकत असेल, एकाच जागी बांधल्यावर अंग काढत असेल, तर जनावराला दोष देण्याआधी हौद आणि जमीन यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या.

दावणीचे पाइप, लोखंडी गव्हाण, पाण्याचा हौद, कडबाकुट्टी, दूध काढायचं यंत्र आणि पत्र्याचे खांब एकाच पट्टीने बांधा. नवी फरशी ओतत असाल तर खालची लोखंडी जाळीही त्याच पट्टीला जोडून घ्या. नंतर ते होत नाही. खड्डा जनावरं उभी राहतात तिथून लांब करा, कारण बिघाडाच्या वेळी खड्ड्याभोवतीच्या जमिनीत व्होल्टेज पसरतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी इथे ऐच्छिक समजू नका.

१५. पत्र्याच्या शेडला करंट उतरतो, पण आरसीसीबी पडत नाही. का?

कारण खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली आहे. ती तार तुमच्या मीटरच्या आणि आरसीसीबीच्या आधीची आहे. तिथली गळती आरसीसीबीला दिसतच नाही, आणि खांबावरचा फ्यूज तेवढ्याने उडत नाही. शेडच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असेल तर ओला कपडा टाकणारा माणूस त्यात सापडतो. पावसाळ्यात हे फार घडतं.

उपाय : सर्व्हिस वायर पत्र्याला टेकू देऊ नका, आधारासाठी खांब उभारा, आत शिरताना पीव्हीसी पाइपातून घ्या. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधा. कोणी चिकटलेलं दिसलं तर अंगाला हात लावू नका. मेन बंद करून इथे उपयोग नाही; कोरड्या लाकडाने सोडवा, १०८ वर रुग्णवाहिका आणि १९१२ वर वीज कंपनीला कळवा. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

१६. विहिरीवरच्या मोटरचं अर्थिंग कसं असावं?

४१५ व्होल्टच्या मोटरला एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन अर्थ तारा हव्यात, म्हणजे एक सुटली तरी दुसरी राहते. स्टार्टर पेटीलाही अर्थ हवा. ओल्या हाताने बटण दाबायचं ते तिथेच, आणि विसरलं जातं तेही तिथेच. बोअरची लोखंडी केसिंग आणि पाण्याचा लोखंडी पाइप बांधून घ्या, पण केसिंगलाच एकमेव अर्थ समजू नका. वर लोखंडी दिसणारी केसिंग खाली पीव्हीसी असू शकते. सबमर्सिबलला ३० ची आरसीसीबी सारखी पडत असेल तर मोटरपुरती १०० ची बसवा आणि पंपघरातल्या सॉकेटला ३० ची वेगळी ठेवा.

१७. शेतात न्यूट्रल नाही. एक फेज आणि अर्थिंगवर दिवा लावला तर काय बिघडतं?

दिवा लागतो, म्हणूनच ही सवय जात नाही. पण आता तुमची अर्थ तार रोज करंट वाहते आहे. उन्हाळ्यात खड्डा सुकला की व्होल्टेज दिवा सोडून खड्ड्यावर पडायला लागतं. क्लॅम्प सुटला तर तारेचं ते टोक, आणि त्याला जोडलेली मोटर, स्टार्टर, पाइप, सगळं फेजवर जातं. रात्री पाणी द्यायला आलेला माणूस ओल्या जमिनीवर उभा राहून तेच धरतो. शिवाय हे नियमाबाहेरचं आहे. दिव्यासाठी सौर कंदील किंवा रीतसर सिंगल फेज जोडणी घ्या.

१८. शेड घरापासून ४० मीटरवर आहे. घरातूनच अर्थ न्यायचा की वेगळा खड्डा?

दोन्ही करा. घरातून तीन तारांची केबल न्या, शेडजवळ एक खड्डा घ्या आणि दोन्ही शेडच्या अर्थ पट्टीवर आणून जोडा. वेगवेगळे ठेवले तर शेडमध्ये एका हाताला घरचा अर्थ आणि दुसऱ्या हाताला शेडचा अर्थ येऊ शकतो, आणि बिघाडाच्या क्षणी त्या दोघांत फरक असतो. केबलच्या सुरुवातीला घरातच आरसीसीबी ठेवा, म्हणजे वाटेत फावड्याने केबल तुटली तरी ती पडेल.

१९. पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडते. बायपास करू का?

नको, ती खरं सांगते आहे. सगळ्या एमसीबी बंद करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडली त्या लाइनवरचे प्लग काढून पुन्हा पाहा. गच्चीवरचा दिवा, बेलचं बटण, बाहेरचं सॉकेट आणि मोटर इथे पाणी शिरलेलं सापडतं.

फसवणारा प्रकार वेगळा आहे : सगळ्या एमसीबी बंद असूनही ती पडते. एक पोलची एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल कुठे अर्थला टेकली असेल तर ती तशीच जोडलेली राहते, आणि शेजारच्या वापरामुळे न्यूट्रलवर आलेले दोन-चार व्होल्टसुद्धा गळतीला पुरतात. अशा वेळी न्यूट्रल पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडून शोधावं लागतं. हे काम मेन बंद करून, वायरमननेच करावं.

२०. इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडते. आणि लाइट गेल्यावर ती काम करते का?

पडण्याचं कारण बहुधा एकच : इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल आणि बाकी घराची न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र बांधली आहे. फेज एका वाटेने जाते, परतीचा करंट दुसऱ्या वाटेने येतो आणि आरसीसीबीला तो फरक गळतीसारखा दिसतो. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल पहिल्या बोर्डापासून शेवटपर्यंत वेगळी ओढायला हवी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जोडणीवर आहे. आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी बसवली असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या लाइनवरची गळती तिला दिसत नाही. इन्व्हर्टरच्या पुढे, त्याच्या आउटपुटवर दुसरी हवी. तरी एक फट उरते. मेनचा दोन पोलचा स्विच बंद केला की बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रलचा डीपीच्या जमिनीशी असलेला संबंध तुटतो, आणि मग पहिल्या गळतीला आरसीसीबी पडेलच असं नाही. त्यामुळे मेन बंद करून दुरुस्तीला हात घालताना इन्व्हर्टरचा आउटपुटही बंद करा.